परदेशी पोरगं गावात येतंय, मग मध्ये कोण उभं राहणार?

मागच्या अंकात मी जाता जाता लिहिलं होतं की परदेशी विद्यार्थ्यांच्या एक्स्चेंजसाठी मी वर्धा जिल्ह्यात व्हॉलंटियर कोऑर्डिनेटरचं काम करते, म्हणजे तिकडची शाळकरी पोरं इकडे येऊन एखाद्या घरी राहतात, इथल्या शाळेत जातात, इकडची तिकडे जातात, त्यात जो स्थानिक माणूस लागतो तो मी. एवढ्या एका वाक्यावर इतके मेसेज आले की बाकीचे प्रश्न (वाटणीचे, सासू-सुनेचे, नेहमीचेच) यावेळी बाजूला ठेवलेत, त्यांनी रागावू नये. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि नाव कोणाचंच दिलेलं नाही.

प्रश्न : ताई, मी दारव्हा तालुक्यात शाळेवर आहे. एका संस्थेनं मला विचारलं की तुमच्या भागात कोऑर्डिनेटर व्हाल का, पुढच्या वर्षी दोन विद्यार्थी येणार आहेत. मी हो-नाही काहीच बोलले नाही अजून. काम नक्की काय असतं, पैसे मिळतात का, वेळ किती जातो? माझं इंग्रजी बोलणं जेमतेम आहे. मिस्टर म्हणतात कशाला ही बिनपगारी धावपळ.

मिस्टरांचं बरोबर आहे, बिनपगारीच आहे. जाण्यायेण्याचा खर्च काही संस्था देतात, काही फक्त पेट्रोलचं बिल मागतात आणि मग महिनाभर विसरून जातात. या कामाची सुरुवातच व्हॉलंटियरांपासून झालेली आहे हो. एएफएस ही या क्षेत्रातली जुनी संस्था, ती मुळात १९१५ साली पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये जखमी सैनिकांना अँब्युलन्समधून नेणाऱ्या अमेरिकन स्वयंसेवकांची होती, दुसरं महायुद्ध पण पाहिल्यावर त्याच लोकांना वाटलं की पोरं एकमेकांच्या घरी राहिली, एका ताटात जेवली तर पुढची लढाई कदाचित टळेल, आणि १९४७ पासून शाळकरी मुलांचं एक्स्चेंज सुरू झालं. रोटरीचं यूथ एक्स्चेंजसुद्धा क्लबच्या मेंबरांच्या फुकटच्या मेहनतीवरच चालतं. तेव्हा पैशासाठी करायचं असेल तर ट्यूशन घ्या, जास्त मिळतील.

काम दोन तुकड्यांत येतं. पोरगं यायच्या आधीचं काम म्हणजे घर शोधणं आणि शाळा शोधणं. घर पाहायला गेल्यावर बैठकीत बसून चहा-चिवडा खाऊन "छान आहे घर" म्हणून परत यायचं नाही. पोरगं झोपणार कुठं ते पाहा, दाराला आतून कडी आहे का, संडास-बाथरूम कुठं आहे आणि रात्री तिथं लाईट असतो का, घरात दारू पिणारं कोणी आहे का (हे विचारायला जड जातं पण विचाराच, शेजारी विचारलं तर लवकर कळतं). आणि घरातल्या सगळ्यांशी बोला. वडील उत्साहात असतात, त्यांना गावात मिरवायचं असतं, सगळं करायचं मात्र सुनेला असतं आणि तिला कोणी विचारलेलंच नसतं. मी तर आधी सुनेशीच बोलते, स्वयंपाकघरात उभी राहून. ती "हो चालते ना" असं खाली पाहून म्हणाली की ते घर मी यादीतून काढते. शाळेचं म्हणाल तर मुख्याध्यापकांना पत्र, संस्थाचालकांना पत्र, पोरगं परीक्षा देणार की नुसतं वर्गात बसणार हे लेखी, गणवेश कोण देणार, एवढं ठरवून घ्या.

आल्यानंतरचं काम वरून सोपं दिसतं पण खरं काम तेच आहे. महिन्यातून एकदा तरी त्या पोराला एकट्याला भेटायचं, आणि घरच्यांना वेगळं भेटायचं. दोघांना एकत्र बसवून "सगळं ठीक ना?" विचारलं तर दोघंही हो म्हणतील, नाही कोण म्हणणार समोरासमोर. मी पोरीला रसवंतीवर नेते, किंवा सेवाग्रामला बापूकुटीच्या आवारात झाडाखाली बसतो, शांत जागा आहे आणि कोणी येऊन सेल्फी मागत नाही. तिथंही "कशी आहेस" असं विचारत नाही. काल शाळेतून आल्यावर काय केलं, रात्री किती वाजता झोप लागते, घरात कोणाशी जास्त बोलतेस, कोणाशी अजिबात नाही, असं विचारलं की हळूहळू बाहेर येतं. अर्धा वेळ काहीच येत नाही, नुसता उसाचा रस पिऊन परत. चालतं. तिला हे कळलं पाहिजे की घराबाहेर, शाळेबाहेर एक माणूस असं आहे की ज्याला काही सांगितलं तर लगेच गावभर होणार नाही. आपल्याकडे मायेची कमी नसतेच, अख्खं गाव काकू-मामी होऊन जातं, पण प्रत्येक मामी दुसऱ्या मामीला सांगते. न सांगणारं एक माणूस हवं असतं, ते तुम्ही. बाकी रिपोर्ट भरणं वगैरे सगळं त्याच्या मागून.

अमेरिकेत हे नियमातच लिहिलेलं आहे, तिथं शाळकरी एक्स्चेंजला जे-वन व्हिसा लागतो आणि त्याच्या नियमाप्रमाणे कोऑर्डिनेटरनं दर महिन्याला विद्यार्थ्याशी संपर्क ठेवायचा, पहिली भेट प्रत्यक्षच व्हायला पाहिजे, आणि विद्यार्थ्याचं घर कोऑर्डिनेटरच्या घरापासून १२० मैलांच्या आत असावं, म्हणजे साधारण १९३ किलोमीटर, आपल्या हिशेबानं नागपूरहून अमरावतीच्या थोडं पुढे. एवढं लांबचं मला तरी झेपणार नाही, एसटीनं तर नाहीच. तुम्ही दारव्ह्यात आहात तर दिग्रस, नेर, फार तर यवतमाळपर्यंतचं घर घ्या, त्याच्यापलीकडे नाही म्हणा. शकुंतला, म्हणजे आपली जुनी छोटी रेल्वे, सुरू असती तर गोष्ट वेगळी होती, अर्थात तिच्या स्पीडनं गेलं असतं तर पोरगं परत जायची वेळ आली असती.

आणि एक अट स्वतःला घालून घ्या, जे पोरगं तुमच्या देखरेखीखाली आहे ते तुमच्याच घरी ठेवायचं नाही. अमेरिकेत तर नियमानंच बंदी आहे याला. आपल्याकडे घर मिळालं नाही की संस्थावाले म्हणतात "ताई तुमच्याचकडे राहू द्या ना". मग तिला तुमच्याबद्दल तक्रार असली तर ती सांगणार कोणाला?

इंग्रजीचं टेन्शन घेऊ नका. जपानची किंवा इटलीची पोरगी येते तेव्हा तिचंही इंग्रजी आपल्यासारखंच तुटकं असतं, आणि तीन-चार महिन्यांत ती "काऊन" आणि "हाव" शिकते. दिल्ली-मुंबईच्या ऑफिसशी मात्र इंग्रजीत मेल करावे लागतात, ते शाळेतल्या एखाद्या नव्या मास्तरकडून तपासून घ्या. वेळ? आठ-दहा दिवस काहीच नसतं आणि मग एका रात्री अकरा वाजता फोन येतो. ही गोष्ट मिस्टरांना आधीच सांगून ठेवा, हो म्हणायच्या आधी.

प्रश्न : आमच्याकडे वरूडला जर्मनीची मुलगी आहे, सोळा वर्षांची. येऊन तीन आठवडे झाले. शाळेतून आली की खोलीत जाते आणि दार लावून घेते. जेवायला बोलावलं तर थोडंसं खाते, अजून वाढलं की "नो थँक्यू". पाणी दिलं तरी थँक्यू. सासूबाई म्हणतात आपल्यात काही कमी पडून राहिलं का, तिले आपण आवडलो नाही वाटते. रोज संध्याकाळी तासभर आईशी व्हिडिओ कॉल करते. मोबाईल काढून घ्यावा का?

मोबाईल काढून घेऊ नका, पहिली गोष्ट. ती कैदी नाही आणि तुम्ही जेलर नाही. रोज तासभर बोलणं तिच्यासाठी बरं नाही हे मात्र खरं, कारण अंग इथं आणि मन तिकडे असं होतं, मग इकडची भाषा पण कानात शिरत नाही. हे तिला कोऑर्डिनेटरनं सांगायचं, तुम्ही नाही. तिच्या आईला पण सांगायचं, कारण बरेचदा फोन पोरगी लावत नाही, आईच लावते. आठवड्यातून एक दिवस, रविवारी संध्याकाळी वगैरे, असं तिघांनी मिळून ठरवलं की होतं बरोबर. तुम्ही फक्त त्या वेळेत तिला दुसरं काही तरी द्या करायला.

दाराचं मनावर घेऊ नका. त्यांच्याकडे प्रत्येकाची खोली असते आणि दार लावणं म्हणजे रुसणं नसतं, नुसतं दार लावणं असतं. आपल्याकडे दिवसा दार लावून बसलं की एक तर कोणी आजारी आहे नाही तर कोणाचं भांडण झालंय, म्हणून सासूबाईंना तसं वाटतं. त्यात ती दिवसभर शाळेत न कळणारी भाषा ऐकून येते, डोकं भणभणतं हो. तासभर पडू द्या तिला. फक्त चहाच्या वेळेला बोलवायचं आणि त्या वेळी यायचंच, हा घरचा नियम म्हणून सांगा. ही पोरं नियम पाळतात, आपणच सांगत नाही, पाहुणी आहे म्हणून सगळं चालवून घेतो आणि मग मनात धुसफुसतो.

जेवणाचं. ती नाही म्हणाली म्हणजे नाही. आपल्यात पहिल्या नाहीला अर्थ नसतो, तिसऱ्या नाहीला थोडासा असतो, तिला हे ठाऊक नाही. ताटात घातलेलं टाकायचं नाही असं तिला शिकवलेलं असतं म्हणून ती तुम्ही वाढलेलं रडत रडत संपवेल आणि दुसऱ्या दिवशी ताटावर यायलाच घाबरेल. वाटी तिच्यासमोर ठेवा, घेऊ दे तिला हातानं. तिखटाचं म्हणाल तर पाटोडीच्या रस्स्यावर आणि तर्रीवर एवढ्यात आणू नका, वरणाला फोडणी द्यायच्या आधी तिच्यापुरतं काढून ठेवा, भात, साधं वरण, तूप, पोळी, केळं, यावर पोरं महिना काढतात. पाणी उकळलेलं किंवा फिल्टरचं, बाहेरच्या कार्यक्रमातलं नाही. दिवाळीपर्यंत तीच ठेचा मागेल बघा.

आणि माझा अंदाज असा आहे की तिला घरात काही काम नाहीये. आहे का? नसेलच, सासूबाई करू देत नसतील. तिला काम द्या. शेंगा सोलणं, तूर निवडणं, पोळ्या लाटू द्या, होऊ द्या नकाशे. हातात काम असलं की बोलायची सक्ती राहत नाही आणि त्याच नादात बोलणं सुरू होतं. नुसतं समोर बसवून "टॉक टॉक" म्हटलं तर आपली पोरं तरी बोलतात का?

झोप लागत नाही, अंघोळ सोडली, वजन भराभर उतरतंय, शाळेत रडते, असं काही दिसलं तर थांबू नका, त्याच दिवशी कोऑर्डिनेटरला फोन करा. पहिले काही आठवडे नव्याचे असतात, पुढे दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात एकदा मन खाली जातंच बहुतेकांचं, आणि युरोप-अमेरिकेच्या पोरांचं परत एकदा नाताळात. तेव्हा केक शोधत बसू नका, तिलाच तिच्या घरचं काही करायला सांगा आणि सगळ्यांनी खा, कसंही झालं तरी.

प्रश्न : आमच्या मेहकरकडच्या गावात फ्रान्सचा एक मुलगा आहे. सरपंचांनी पंधरा ऑगस्टला त्याच्या हस्ते झेंडावंदन ठेवलं होतं, मग तान्ह्या पोळ्याचं बक्षीस वितरण, आता गणपतीत महाप्रसाद आणि एका नेत्याचा वाढदिवस. पोरगं दमून गेलं. नाही म्हटलं तर गावात वाईटपणा येते. रस्त्यानं गेलं की पोट्टे व्हिडिओ काढतात.

वाईटपणा तुम्ही घेऊ नका, कोऑर्डिनेटरवर ढकला. "वरून परवानगी नाही" हे वाक्य त्यासाठीच आहे आणि ते खरंही आहे, त्याचे आईवडील फ्रान्समध्ये आहेत, तो अठराच्या खालचा आहे, त्याचा फोटो कुठं छापायचा याची सही त्यांनी संस्थेकडे दिलेली असते आणि त्यात नेत्याच्या बॅनरचा उल्लेख नसतो. राजकीय स्टेजवर तर अजिबात नाही. परदेशी पाहुण्याला हार घालून निवडणुकीच्या वर्षात उभं केलं की त्याच्या व्हिसापर्यंत गोष्ट जाऊ शकते, हे सरपंचांना शांतपणे सांगा, ते पण ऐकतील.

झेंडावंदनाला मुख्य पाहुणा म्हणून मला तरी पटलं नाही, शाळेत पोरांबरोबर रांगेत उभा राहिला असता तर त्याला जास्त मजा आली असती. तान्हा पोळ्यात पण तेच, बक्षीस वाटायला कशाला, त्याच्याच हातात लाकडी नंदी द्यायचा होता, घरोघरी फिरला असता, बोजारा गोळा केला असता, पोट्ट्यांत पोट्टं झाला असता. शेवटी गावात दोस्त मिळाला की पोरगं टिकतं. एक दोस्त पुरे. त्याच्या वर्गातला क्रिकेट खेळणारा एखादा पोरगा पकडा आणि त्याला सांगा रोज घेऊन जात जा याला ग्राउंडवर. दोन आठवड्यांत व्हिडिओ काढणारे कंटाळतात, खेळणारे राहतात.

मुलगी असेल तर थोडं जास्त लक्ष, पण कोंडून ठेवायचं नाही. घरच्या मुलीला जो नियम तोच तिला, दिवेलागणीच्या आत घरी, एसटीत कोणीतरी सोबत, कुठं चालली ते सांगून जायचं. इन्स्टावर घराचं लोकेशन टाकू नको हे तिलाही सांगा आणि तिच्यासोबत रील काढणाऱ्या तुमच्या पुतणीलाही.

प्रश्न : (हा तीन-चार जणांनी विचारला) मुलानं किंवा मुलीनं काही वाईट सांगितलं, कोणी अंगाला हात लावला वगैरे, तर संस्थेला कळवलं की आपली जबाबदारी संपली का?

नाही. पॉक्सो कायदा २०१२ चा आहे, अठरा वर्षांखालच्या प्रत्येक मुलामुलीला लागू, पासपोर्ट कुठला का असेना, मुलगाही त्यात येतो. ज्याला असं घडल्याचं कळलं किंवा घडेल अशी धास्ती वाटली त्यानं पोलिसांना कळवणं कलम १९ प्रमाणे बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. संस्था म्हणाली "आम्ही आतल्या आत बघतो, गाजावाजा नको" तरी तुमचं बंधन सुटत नाही. १०९८ चाइल्ड हेल्पलाइन, ११२ पोलीस. आधी पोराला त्या घरातून, त्या जागेतून बाहेर काढा, मग फोन, मग संस्था, मग रिपोर्ट. आणि त्याला परत परत सगळं सांगायला लावू नका, एकदा ऐका, त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा. ते घर कोणाचं आहे, त्यांचं गावात नाव किती मोठं आहे, हे त्या वेळी डोक्यात येतंच आपल्या, येऊ द्या, पण फोन फिरवा.

प्रश्न : चिखली तालुका. मुलगी दहावीत आहे, एका एजंटनं सांगितलं की अमेरिकेत एक वर्ष शाळा, राहणं फुकट, तिथली फॅमिली सांभाळते, तुम्ही फक्त काही लाख भरा, पुढे तिथंच कॉलेज आणि नोकरी पक्की. कोरडवाहू शेती आहे, सोयाबीन-तूर. कर्ज काढून पाठवावं का?

कर्ज काढून नका पाठवू. आणि "नोकरी पक्की" म्हणणाऱ्या माणसाला परत घरात घेऊ नका.

त्यानं अर्धं खरं सांगितलंय म्हणून ते धोक्याचं आहे. शाळकरी एक्स्चेंजमध्ये तिथल्या यजमान कुटुंबाला पैसे मिळत नाहीत, ते स्वखुशीनं ठेवून घेतात, हे खरं. पण जे-वन व्हिसा वर्षभराचा, शिकून परत येण्यासाठीचा असतो, तिथं स्थायिक होण्याचा तो रस्ता नाही. वय सुरुवातीच्या वेळी १५ पूर्ण आणि साडेअठराच्या आत हवं, आणि अकरा वर्षांपेक्षा जास्त शाळा झालेली नको, म्हणजे बारावी झाल्यावर पाठवू म्हणाल तर या वाटेनं जाता येत नाही. कोणतं शहर, कोणती शाळा हे सहसा आपण मागून मिळत नाही, शिकागो म्हणून निघालेलं पोरगं आयोवाच्या मक्याच्या शेतात जाऊन पडतं. खरं सांगू का, शेतकऱ्याच्या पोरीला तिथं जास्त करमेल.

पैसे नसतील तर दोन दारं ठोठावून पाहा. एक, केनेडी-लुगर यूथ एक्स्चेंज अँड स्टडी, त्याला येस प्रोग्राम म्हणतात, २००२ मध्ये अमेरिकेनं ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर सुरू केला, खर्च त्यांचं सरकार करतं, निवड परीक्षा-मुलाखतीतून होते आणि भारतात त्याचं काम एएफएसमार्फत झालेलं आहे. अटी आणि जागा वर्षागणिक बदलतात म्हणून त्या वर्षीची जाहिरातच वाचायची, एजंटच्या तोंडून ऐकायची नाही. सरकारी पैशानं गेलं की परत येऊन दोन वर्षं आपल्या देशात राहायची अट लागते तीही वाचून घ्या. दुसरं, रोटरी. जवळच्या मोठ्या गावातल्या रोटरी क्लबमध्ये स्वतः जाऊन विचारा. त्यांच्या वर्षभराच्या एक्स्चेंजमध्ये विमानाचं तिकीट, विमा, व्हिसा हा खर्च आपल्याला असतो, राहणं-जेवण तिकडच्या कुटुंबांकडे, आणि वर्षात एकापेक्षा जास्त घरं बदलतात. यातही तिकिटाचा खर्च काही थोडा नाही.

शाळेचं वर्ष बहुतेक वेळा वाया जातं हे धरूनच चाला, अकरावीत जाऊन आली तर परत अकरावीत बसायची तयारी ठेवा, कॉलेजकडून जागा राखून ठेवल्याचं पत्र आधी घ्या. तिथं तिचा जो कोऑर्डिनेटर असेल त्याचा नंबर तिच्याकडे आणि तुमच्याकडे, दोघांकडे हवा. तो महिन्याला तिला भेटतो का, फोन करतो का, हे तुम्ही इथून विचारायचं. नसेल करत तर संस्थेकडे तक्रार करायची, लाजायचं नाही. आणि हे सगळं नाही जमलं तरी काही बिघडत नाही, परदेशी पोरगी वर्षभर तुमच्याच घरी ठेवून घ्या, तुमची पोरगी घरबसल्या अर्धं जग पाहील, त्याला कर्ज लागत नाही.

प्रश्न : परदेशी विद्यार्थी घरी ठेवला तर पोलिसांत कळवावं लागतं का? आमचे ठाणेदार म्हणाले आम्हाला काही माहिती नाही.

लागतं. पोरगं घरी आल्यापासून २४ तासांच्या आत, ऑनलाइन. लोक त्याला सी-फॉर्म म्हणतात, लॉज-हॉटेलवाले भरतात तोच, घरगुती यजमानालाही भरावा लागतो. व्हिसा १८० दिवसांपेक्षा जास्तीचा असेल तर विद्यार्थ्याची स्वतःची नोंदणी आल्यापासून १४ दिवसांत, तीही ऑनलाइन होते. जिल्ह्यात याचे अधिकारी एसपी असतात, म्हणून ठाण्यात हुज्जत न घालता एसपी ऑफिसच्या परदेशी नागरिक शाखेत जा. २०२५ मध्ये या सगळ्याचा कायदा नवा झालाय, जुना १९४६ चा गेला, त्यामुळे कोणी जुना कागद हातात दिला तर ऑनलाइन पोर्टलवर काय म्हटलंय ते पाहा. घर बदललं की परत फॉर्म. पासपोर्ट-व्हिसाच्या दोन झेरॉक्स घरात ठेवा, वीज गेल्यावर पोर्टल चालत नाही, झेरॉक्स चालते.

प्रश्न : मी स्वतः कोऑर्डिनेटर आहे, भंडारा जिल्हा. पोरगी आणि होस्ट आईचं पटत नाहीये, संस्था म्हणते घर बदला. होस्ट काका म्हणतात आमचं नाक कापलं, लोक काय म्हणतील. पोरगी म्हणते मला जायचंच आहे. मी मध्ये अडकलोय.

भाऊ, घर बदलणं हे अपयश नाही हे आधी तुम्हाला पटलं पाहिजे, तुमच्याच आवाजात अपराधीपणा असला तर काका तो बरोबर पकडतात. रोटरीमध्ये तर घरं बदलणं ठरलेलंच असतं, कोणी रुसत नाही. काकांना एकट्यात भेटा, शेतावर वगैरे, चार लोकांत नको. गावात सांगायला एक साधं कारण त्यांच्यासोबत बसून ठरवा, शाळा जवळ पडते म्हणून तिकडे गेली, एवढं पुरे आहे, त्यात खोटंही फार नाही. कोणाची चूक होती याचा निवाडा करायला बसू नका, तुम्ही पोलीस पाटील नाही.

पण घर बदलायच्या आधी एकदा नीट पाहा की भांडण कशाचं आहे. ओले कपडे कुठं वाळत घालायचे, किती वेळ अंघोळ, मोठ्यानं गाणी, असलं असेल तर दोघींना समोर बसवून चार गोष्टी कागदावर लिहा, पंधरा दिवस द्या. होस्ट आईचंही ऐका, ती पहाटे पाचला उठून डबा करते आणि तिला कोणी थँक्यू म्हणत नाही, पोरगी म्हणते पण ते तिला खरं वाटत नाही. आणि पोरगी घाबरलेली असेल, नुसती रागावलेली नाही तर घाबरलेली, तर पंधरा दिवस नाही, त्याच संध्याकाळी हलवा. हा फरक तुम्हालाच ओळखावा लागेल.

प्रश्न : कोऑर्डिनेटरला फॉरेन टूर मिळते का?

मला नाही मिळाली बाप्पा. पुलगावपर्यंत बरेचदा गेले.

प्रश्न : ब्रह्मपुरीजवळ राहतो. इटलीची मुलगी जूनमध्ये परत चालली, वर्षभर अगदी घरची होऊन गेली. आई तिची ओटी भरणार आहे, साडी, नारळ, शिवाय तूप, पेढे, आंब्याचं लोणचं, मसाला, पापड असं सामान काढून ठेवलंय. एअरपोर्टला पंधरा-वीस जण सोडायला येतो म्हणतात. काही अडचण येईल का?

ओटी भरा, भरल्याशिवाय कसं पाठवता. फक्त नारळ तिथंच फोडा आणि सगळ्यांनी खा, सुकं खोबरं विमानात नेऊ देत नाहीत, लवकर पेट घेतं म्हणून. तूप आणि पेढे गेले असं समजा, युरोपियन युनियनमध्ये बाहेरून आलेल्या प्रवाशाला दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, मटणाचे पण नाहीत, उतरल्यावर काढून कचऱ्यात टाकतात आणि पोरगी रडत बसेल. आंब्याचा मोह नको, फळाला तिकडे तपासणीचं सर्टिफिकेट लागतं. पापड, कुरडया, मसाला चालतो. लोणच्याची बरणी हँडबॅगेत नाही, मोठ्या बॅगेत, झाकणाखाली प्लॅस्टिक लावून, वरून टेप गुंडाळून. वजन घरीच काट्यावर करून घ्या, किराणा दुकानात मोठा काटा असतोच, तिकिटावर किती किलो लिहिलंय ते पाहून.

पंधरा-वीस जण आले तर येऊ द्या, पण आत कोणालाच सोडत नाहीत, दारातूनच परत यावं लागतं, आणि जूनच्या उन्हात नागपूरपर्यंत क्रूझर भरून जायचं म्हणजे आजीला आणू नका. मुलीसोबत आत जाईल ते फक्त तिकीट, पासपोर्ट आणि बॅगा. फ्लाइटच्या तीन तास आधी पोहोचा, मध्ये उमरेडला चहाला थांबणार असाल तर चार तास धरा. मसाला मात्र तीन पिशव्यांत घालून द्या बरं, नाही तर तिची सगळी साडी वर्षभर काळ्या मसाल्याचाच वास मारेल.